विश्लेषण : यकृतातला ‘रक्तदाब’ इतका धोकादायक का? लक्षणांआधी तो ओळखता येतो का?

रक्तदाब म्हटले की दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा दाब डोळ्यांसमोर येतो. शरीरात आणखी एक रक्तदाब आहे. तो दंडावर मोजता येत नाही, वाढला तरी डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. पोटातील अवयवांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला हा दाब आहे. यकृताच्या दीर्घ आजारात तो वर्षानुवर्षे गुपचूप वाढत राहतो आणि अनेकदा एखाद्या दिवशी रक्ताची उलटी झाली किंवा पोटात पाणी झाले तेव्हाच कळतो. सिरोसिस म्हणजे ‘लिव्हर खराब होणे’ एवढेच आपल्याला माहीत असते. प्रत्यक्षात सिरोसिसच्या रुग्णाचा जीव धोक्यात आणणाऱ्या बहुतेक गुंतागुंतींच्या मुळाशी हा वाढलेला दाब आणि त्यापायी रक्तवाहिन्यांत झालेले बदल असतात. तो वेळीच ओळखण्याचे साधे मार्ग आता उपलब्ध आहेत आणि त्यावर स्वस्त औषधेही आहेत.

पोर्टल शीर म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक अवयवांकडून परतणारे रक्त थेट हृदयाकडे जाते. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा (पाणथरी) यांचे रक्त मात्र आधी यकृतात जाते. जेवणातून शोषलेली साखर, प्रथिनांचे घटक, औषधे, मद्य, आतड्यातील जिवाणूंनी तयार केलेली विषद्रव्ये हे सारे यकृताच्या तपासणी नाक्यावरून गेल्याशिवाय शरीरात इतरत्र पोहोचू नये, अशी ही रचना आहे. हे रक्त यकृतापर्यंत नेणारी मोठी वाहिनी म्हणजे पोर्टल शीर.

यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते. हृदयाने फेकलेल्या एकूण रक्ताचा हा सुमारे चौथा हिस्सा. त्यातील जवळपास तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून आणि उरलेले यकृताच्या धमनीतून येते. एवढे रक्त येऊनही इथला दाब अतिशय कमी असतो, कारण निरोगी यकृत स्पंजासारखे मऊ असते आणि रक्ताला फारसा विरोध करत नाही. पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्या दाबातील फरक निरोगी माणसात अवघा १ ते ५ मिमी पारा असतो. दंडावर आपण १२०/८० मोजतो, त्या तुलनेत हा आकडा किती लहान आहे हे लक्षात येईल. पायांच्या शिरांमध्ये रक्त उलटे वाहू नये म्हणून झडपा असतात. पोर्टल शिरेत आणि तिला मिळणाऱ्या शिरांमध्ये त्या नसतात. त्यामुळे पुढची वाट अडली की रक्त मागे वळू शकते. पुढचा सगळा अनर्थ त्यातून घडतो.

यकृतातील रक्तवाहिन्यांत नेमके काय बदलते?

यकृतातील सर्वात बारीक वाहिन्या इतर अवयवांतल्या केशवाहिन्यांपेक्षा वेगळ्या असतात. त्यांच्या अस्तराला सूक्ष्म छिद्रे असतात. अस्तराची ही चाळणी असल्यामुळे रक्तातील द्रव्ये सहज यकृतपेशींपर्यंत पोहोचतात. या वाहिन्यांना लागूनच ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले. निरोगी यकृतात या तारकापेशी शांतपणे ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळतात.

मद्य, हिपॅटायटिस ‘बी’ किंवा ‘सी’चा विषाणू, यकृतातील चरबी अशा कोणत्याही कारणाने वर्षानुवर्षे दाह होत राहिला की हे चित्र पालटते. अस्तरातील छिद्रे बुजतात आणि चाळणीची भिंत होते. तारकापेशी ‘अ’ जीवनसत्त्व सोडून देतात, आकुंचन पावू लागतात आणि चिवट तंतू तयार करू लागतात. तंतूंचे पट्टे यकृतभर पसरतात, मधल्या पेशींच्या गाठी बनतात, बारीक वाहिन्या पिळवटल्या जातात. काही ठिकाणी त्यांत सूक्ष्म गुठळ्याही होतात. यालाच सिरोसिस म्हणतात. रक्ताला आता स्पंजातून नव्हे, तर कडक गाठींच्या फटींतून वाट काढावी लागते.

अडथळ्याचा सगळा भाग तंतूंचाच असतो असे नाही. निरोगी वाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिन्या सैल ठेवते. आजारी यकृतात त्याची निर्मिती घटते आणि वाहिन्या आवळणारी द्रव्ये वाढतात. एकूण अडथळ्यापैकी साधारण २० ते ३० टक्के भाग या आवळण्यामुळे असतो. तंतू विरघळायला वर्षे लागतात, पण आवळलेल्या वाहिन्या औषधाने काही प्रमाणात सैल होऊ शकतात. उपचारांना वाव मिळतो, त्याचे एक कारण हे आहे.

अडथळा यकृतात, मग बाकीच्या वाहिन्या का बदलतात?

दाब दोन गोष्टींवर ठरतो : वाटेतला अडथळा आणि येणारा प्रवाह. पुढे अडथळा असेल तर शरीराने मागून येणारे रक्त कमी करायला हवे. घडते उलटेच. यकृतात नायट्रिक ऑक्साइड कमी पडत असताना आतड्यांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत मात्र ते जास्त तयार होते. या धमन्या रुंदावतात आणि पोर्टल शिरेकडे आणखी रक्त लोटले जाते. आतड्याची भिंत सैल होऊन जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, त्यामुळे धमन्या अधिकच सैलावतात. बंद होत चाललेल्या रस्त्यावर मागून वाहने सोडत राहावे, तसा हा प्रकार आहे.

पोटातल्या रुंद वाहिन्यांत बरेच रक्त साठल्याने उरलेल्या शरीराला रक्त कमी पडल्यासारखे वाटते. मूत्रपिंडे मग मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, हृदय जोरात काम करते, दंडावरचा रक्तदाब मात्र उतरतो. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याचा दाब सिरोसिसमध्ये आपोआप खाली येतो तो यामुळे. घरच्यांना ‘बीपी बरे झाले’ असे वाटते, पण एक दाब उतरलेला असतो तो दुसरा चढल्याने. शरीरात साठलेले मीठ-पाणी पोर्टल दाबामुळे पोटाच्या पोकळीत पाझरते आणि जलोदर होतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत उदररोगांच्या प्रकारांत पाणी साठलेले पोट आणि वाढलेली प्लीहा या दोन्हींची वेगळी नोंद आहे. या दाबाच्या खुणा वैद्यांच्या नजरेस फार पूर्वीच पडल्या होत्या.

आडवाटेने गेलेल्या रक्ताचे परिणाम कोणते?

पुढची वाट अडल्यावर रक्त आडवाटा शोधते. एरवी मिटून असलेल्या लहान शिरा उघडतात, वाढीचे संकेत मिळून नव्या वाहिन्याही फुटतात. बेंबीभोवती निळसर शिरांचे जाळे दिसू लागते. ग्रीक पुराणकथेतील सर्पकेशी मेदुसाच्या नावाने वैद्यकशास्त्र ते ओळखते. गुदद्वाराजवळ शिरा फुगतात आणि त्यांतून रक्त गेले तर मूळव्याध समजून दुर्लक्ष होऊ शकते.

सर्वात घातक आडवाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी आणि जठराच्या वरच्या भागात असते. तिथल्या शिरा पातळ आवरणाखाली असतात. त्या फुगून फुटल्या तर भळाभळा रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच होते. आधुनिक उपचार मिळूनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत सुमारे १५ ते २० टक्के रुग्ण दगावतात.

आडवाटेने गेलेले रक्त यकृताचा तपासणी नाका चुकवते. अमोनियासारखी द्रव्ये थेट मेंदूपर्यंत पोहोचतात. रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, हिशेबात चुकतो, चिडचिड करतो, पुढे बेशुद्धही होतो. काहींच्या फुप्फुसांतील बारीक वाहिन्या रुंदावून रक्तातील प्राणवायू घटतो. काहींत उलट फुप्फुसातील धमन्यांचा दाब वाढतो. मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आवळला जाऊन तीही बंद पडू शकतात. यकृताचा आजार एका अवयवापुरता राहत नाही तो असा.

१०चा आकडा इतका महत्त्वाचा का?

हा दाब मोजण्याची प्रमाण पद्धत म्हणजे मानेतील शिरेतून यकृताच्या शिरेपर्यंत बारीक नळी नेणे. एकदा वाहिनी तात्पुरती बंद करून आणि एकदा मोकळी ठेवून दाब घेतात, त्यातील फरक महत्त्वाचा. फरक ५ पेक्षा जास्त म्हणजे दाब वाढलेला. १० किंवा अधिक झाला की फुगलेल्या शिरा, जलोदर यांचा धोका सुरू होतो. १२ च्या पुढे शिरा फुटण्याची शक्यता असते. उपचाराने तो १२ च्या खाली आणता आला किंवा मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी कमी करता आला तर रक्तस्रावाचा धोका ठळकपणे घटतो.

सिरोसिस असूनही जलोदर, रक्तस्राव, कावीळ, मेंदूवरचा परिणाम यापैकी काहीही झालेले नाही, अशा टप्प्यातील निम्मे रुग्ण १२ वर्षांहून अधिक जगतात, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. यापैकी एखादी गुंतागुंत झाली की हाच काळ साधारण दोन वर्षांवर येतो. दोन्ही टप्प्यांत अहवालावर आजाराचे नाव तेच असते, पण रुग्णाचे भवितव्य पूर्णपणे वेगळे असते. या दोन टप्प्यांमधली रेषा ओलांडू न देणे हे आता उपचारांचे मुख्य उद्दिष्ट मानले जाते आणि ती रेषा बहुतांशी पोर्टल दाबावर ठरते.

लक्षणांआधी दाब ओळखता येतो का?

मानेतून नळी घालून दाब मोजण्याची सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच असते. पण काही साधे अहवालही बरेच बोलतात. त्यातला पहिला प्लेटलेटचा. प्लेटलेट म्हटले की आपल्याला डेंगी आठवतो. डेंगीत त्या झपाट्याने उतरतात आणि काही दिवसांत पूर्ववत होतात. पोर्टल दाबामुळे प्लीहा मोठी झाली की ती प्लेटलेट अडकवून ठेवते. असा आकडा वर्षानुवर्षे हळूहळू उतरत जातो. ताप नसताना, दोन-तीन तपासण्यांत प्लेटलेट दीड लाखांच्या खाली असतील आणि मधुमेह, लठ्ठपणा, मद्यपान किंवा हिपॅटायटिसचा इतिहास असेल तर यकृताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. सोनोग्राफीत मोठी प्लीहा, रुंदावलेली पोर्टल शीर किंवा यकृताचा खडबडीत पृष्ठभाग दिसू शकतो.

दुसरी तपासणी यकृताचा कडकपणा मोजणारी. फायब्रोस्कॅन या नावाने ती परिचित आहे. बरगड्यांमधून हलका धक्का देऊन त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते हे यंत्र पाहते. यकृत जितके कडक तितकी लहर वेगवान. इटलीतील बाव्हेनो गावात १९९० पासून या विषयातील तज्ज्ञांच्या परिषदा सुरू झाल्या. त्यांच्या निकषांनुसार कडकपणा २० किलोपास्कलपेक्षा कमी आणि प्लेटलेट दीड लाखांपेक्षा जास्त असतील, तर फुगलेल्या शिरा शोधण्यासाठीची एन्डोस्कोपी टाळता येते. कडकपणा २५ किंवा त्याहून अधिक असेल तर दाब १० च्या पुढे गेल्याची दाट शक्यता मानली जाते. अर्थात हे आकडे आंधळेपणाने वापरायचे नाहीत. नुकतेच जेवण झाले असेल, तीव्र कावीळ असेल किंवा हृदयविकाराने यकृतात रक्त तुंबले असेल तर कडकपणा खोटा वाढलेला दिसतो. लठ्ठ व्यक्तींमध्ये २५चा निकष तितका खात्रीचा नाही.

‘एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर ठीक’ हा समज मात्र सोडायला हवा. ही तपासणी पेशींची चालू इजा दाखवते, दाब नव्हे. सिरोसिसमध्येही ती सामान्य येऊ शकते.

उपचार कोणते?

पहिला उपचार मूळ कारणावर. मद्य पूर्ण सोडले, हिपॅटायटिस ‘सी’ औषधांनी बरा केला, ‘बी’चा विषाणू दाबून ठेवला, वजन उतरवले तर बऱ्याच रुग्णांत दाब कमी होतो. आजार फार पुढे गेला असेल तर तो पूर्ण सामान्य होत नाही, म्हणून कारण गेल्यावरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

दुसरा उपचार बीटा ब्लॉकर गोळ्यांचा. हृदयाची गती आणि आतड्यांकडे जाणारा प्रवाह कमी करून त्या पोर्टल दाब उतरवतात. १९८१ मध्ये फ्रान्समधील दिदिए लब्रेक आणि सहकाऱ्यांनी प्रोप्रॅनोलॉलमुळे पुन्हा होणारा रक्तस्राव टळतो, हे दाखवून दिले. त्याआधी हा दाब दीर्घकाळ कमी ठेवण्यासाठी मुख्यतः शस्त्रक्रियेचाच आधार होता. २०१९ मध्ये स्पेनमधील एका चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दाब १० च्या पुढे असलेल्या, पण अजून कोणतीही गुंतागुंत न झालेल्या २०१ रुग्णांवर ही चाचणी झाली. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांपैकी १६ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांत गुंतागुंत किंवा मृत्यू नोंदवला गेला. मुख्य फायदा जलोदर टळण्यात होता. म्हणजे शिरा फुगण्याची वाट न पाहता गोळी सुरू करण्यात अर्थ आहे. कार्व्हेडिलॉल हे औषध यकृतातील आवळलेल्या वाहिन्याही थोड्या सैल करत असल्याने आज त्याला पसंती मिळते. ही जुनी, स्वस्त औषधे आहेत. मात्र दमा, मंद नाडी किंवा आधीच उतरलेला रक्तदाब असेल तर ती धोक्याची ठरू शकतात. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.

मोठ्या शिरा दिसल्या तर एन्डोस्कोपीतून त्यांना रबरी कडी घालतात. मूळव्याधीसाठी वापरले जाणारे तंत्र इथे आणले गेले. रक्तस्राव चालू असताना वाहिन्या आवळणारी इंजेक्शने, प्रतिजैविके आणि एन्डोस्कोपी असे तिहेरी उपचार करतात. रक्त भरपूर चढवावे ही नातेवाइकांची स्वाभाविक मागणी असते. परंतु जास्त रक्त दिल्याने पोर्टल दाब पुन्हा वाढतो. बार्सिलोनात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण अधिक संख्येने वाचले. रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तर मानेतील शिरेतून जाऊन यकृतातच पोर्टल शीर आणि बाहेर जाणारी शीर यांच्यात धातूच्या जाळीची नळी बसवतात. ‘टिप्स’ या नावाने ही प्रक्रिया ओळखली जाते. त्यामुळे दाब लगेच उतरतो, पण यकृत चुकवून जाणारे रक्त वाढल्याने मेंदूवर परिणाम होण्याचा धोका असतो. यकृत पूर्ण निकामी होत असेल तर प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो.

भारतात या आजाराचे वेगळेपण काय?

भारतात पोर्टल दाब वाढण्याची सिरोसिसखेरीज आणखी दोन ठळक कारणे आहेत. एकात मोठी पोर्टल शीर यकृताबाहेरच गुठळीने बंद होते. लहान मुलांमध्ये रक्ताची उलटी होण्याचे हे आपल्याकडील महत्त्वाचे कारण आहे. काहींत नवजात अवस्थेतील बेंबीचा संसर्ग त्यामागे असतो, अनेकांत कारण सापडत नाही. दुसऱ्यात यकृतातील पोर्टल शिरेच्या बारीक फांद्या बुजतात आणि तरुण वयात भलीमोठी प्लीहा घेऊन रुग्ण येतो. दोन्हींत यकृताचे काम बरेचसे शाबूत असते. त्यामुळे रक्तस्राव रोखला तर हे रुग्ण दीर्घायुष्य जगू शकतात. काही मुलांना रक्त वळवणाऱ्या शस्त्रक्रियेचा मोठा लाभ होतो. दारूला कधी स्पर्शही न केलेल्या अशा रुग्णांवर ‘लिव्हरचा आजार म्हणजे दारू’ हा शिक्का बसतो, तो त्यांच्यावर अन्याय आहे.

कारणांवर घाला घालण्यासाठी सरकारी कार्यक्रम आहेत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी व औषधे मोफत आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यकृतातील चरबीच्या आजाराचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला. मधुमेह आणि रक्तदाबासाठी आरोग्य केंद्रात येणाऱ्यांपैकी कोणाचे यकृत कडक होत आहे, हे शोधण्याची संधी त्यातून मिळते.

रुग्ण आणि कुटुंबीयांनी काय लक्षात ठेवावे?

सिरोसिसचे निदान झाले असेल तर ‘फुगलेल्या शिरांसाठी तपासणी झाली आहे का आणि दाब कमी करणारी गोळी मला लागू आहे का’ हे दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत. सुरू केलेली गोळी बरे वाटते म्हणून मनाने अचानक बंद करू नये. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून घेणे टाळावे, त्यांनी रक्तस्राव आणि मूत्रपिंडाची इजा दोन्ही होऊ शकते. जलोदर असेल तर लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठ मोजायला हवे. ‘लिव्हरला जड’ म्हणून डाळी, दूध, अंडी बंद करणे चुकीचे आहे. प्रथिने कमी पडली तर स्नायू झिजतात आणि प्रकृती अधिक खालावते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण आतड्यात साचलेला अमोनिया मेंदूला त्रास देतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण चिकट, दुर्गंधीयुक्त काळी शौच, रक्ताची उलटी, अचानक झालेली असंबद्ध बडबड किंवा पोटात पाणी असताना ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला एन्डोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पहिल्या रक्तस्रावात वेळ वाया न जाणे महत्त्वाचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो पहिला रक्तस्राव होऊच न देणे, आणि आज पुष्कळ रुग्णांत ते शक्य आहे.